२२.४ लिटर, पण कोणत्या तापमानाला?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रावेर आणि यावल या दोन तालुक्यांत मिळून एकतीस वर्षे अकरावी-बारावीच्या वर्गांना रसायनशास्त्र शिकवून मी निवृत्त झालो. आपल्या दैनिकातील विद्यार्थ्यांच्या पानाचा मी जुना वाचक आहे आणि त्या पानावर येणारी सरावाची उदाहरणे आजही वहीत सोडवून पाहतो. हे पत्र लिहिण्यास मात्र माझ्या नातीची एक उत्तरपत्रिका कारण झाली. ती ज्या खासगी शिकवणीला जाते तेथील चाचणीत प्रश्न असा होता : ६.४ ग्रॅम कॅल्शियम कार्बाइडवर भरपूर पाणी टाकले असता २७ अंश सेल्सिअस तापमानास व १ वातावरण दाबास किती लिटर ॲसिटिलीन वायू मिळेल? नातीने २.४६ लिटर असे उत्तर काढले. उत्तरसूचीत २.२४ लिटर होते, म्हणून तिला शून्य गुण मिळाले. तिने शंका विचारली तेव्हा ‘वायूचे उदाहरण आले की २२.४ ने गुणायचे, जास्त विचार करायचा नाही’ असे तिला सांगण्यात आले. गुणांचे मला दुःख नाही. ज्या मुलीने प्रश्न नीट वाचला तिला विचार न करण्याचा सल्ला मिळाला, याचे आहे.

हा प्रश्न एका शिकवणीपुरता असता तर मी पत्र लिहिले नसते. सेवेत असताना उत्तरपत्रिका तपासताना आणि त्यानंतर गेल्या काही वर्षांत बाजारातील मार्गदर्शके चाळताना मला हीच चूक वारंवार दिसली आहे. रासायनिक समीकरणावरून पदार्थांच्या राशी काढण्याचे जे शास्त्र आहे, ज्याला स्टॉइकिओमेट्री असे अवघड नाव आहे, त्यातील वायूंच्या आकारमानाचा भाग आपल्याकडे एका आकड्याच्या पाठांतरावर येऊन थांबला आहे. तो आकडा खरा आहे, पण तो शून्य अंश सेल्सिअसचा आणि १ वातावरण दाबाचा आहे. आमच्या जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास असतो. तेथील विद्यार्थ्याने बर्फाच्या तापमानाचा आकडा डोळे मिटून वापरावा, हे मला पटत नाही.

नातीचे उदाहरण आधी पूर्ण मांडतो, म्हणजे ज्यांना हा विषय सोडून बरीच वर्षे झाली आहेत अशा पालकांनाही मुद्दा कळेल. रेणुवस्तुमानाइतके ग्रॅम पदार्थ घेतला की त्याचा एक मोल होतो. कॅल्शियम कार्बाइडचा एक मोल पाण्याच्या दोन मोलांशी अभिक्रिया करतो तेव्हा ॲसिटिलीनचा एक मोल आणि विरलेल्या चुन्याचा, म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइडचा, एक मोल तयार होतो. कार्बाइडचे रेणुवस्तुमान ६४, म्हणून ६.४ ग्रॅम म्हणजे ०.१ मोल, आणि वायूही ०.१ मोल. येथवर तापमानाचा काहीही संबंध नाही. समीकरण फक्त मोल सांगते, लिटर सांगत नाही. मोलांचे लिटर करण्याची पायरी वेगळी आहे आणि तिच्यासाठी तापमान व दाब ठाऊक असावे लागतात. शून्य अंशाला एक मोल वायू २२.४ लिटर जागा घेतो. सेल्सिअस अंशांत २७३ मिळवले की केल्विन होतात; २७ अंश म्हणजे ३०० केल्विन, तेव्हा २२.४ ला ३०० ने गुणून २७३ ने भागले की २४.६ लिटर येतात आणि ०.१ मोलाचे २.४६ लिटर होतात. मुलीचे उत्तर बरोबर होते.

दाब तोच ठेवून तापमान एका अंशाने वाढवले की एक मोल वायूचे आकारमान किती वाढते, हे मी वर्गात मुलांकडून काढून घेत असे. २२.४ ला २७३ ने भागले की ०.०८२ लिटर येतात. हाच तो ०.०८२१ चा वायू स्थिरांक, जो मुले पुढच्या प्रकरणात नवा आकडा म्हणून पुन्हा पाठ करतात. दोन प्रकरणांतील दोन आकडे मुळात एकाच गोष्टीची दोन रूपे आहेत, हे ज्या दिवशी विद्यार्थ्याच्या ध्यानात येते त्या दिवसापासून त्याला यातले काहीच पाठ करावे लागत नाही. २० अंशाला २४ लिटर, ४० अंशाला २५.७ लिटर, ४५ अंशाला २६.१ लिटर हे त्याचे त्यालाच काढता येते. इतकी साधी आणि सुंदर गोष्ट वर्गात सांगायला दहा मिनिटे लागतात.

आता मी माझ्याच हातून झालेली एक चूक सांगतो, कारण तिची बोच अजून गेलेली नाही. नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत, एका उन्हाळ्यात, मी मुलांकडून मॅग्नेशियमच्या फितीचा प्रयोग करून घेत होतो. ०.०२४ ग्रॅम मॅग्नेशियम विरल हायड्रोक्लोरिक आम्लात टाकायचे आणि निघणारा हायड्रोजन पाण्यावर उपड्या धरलेल्या मोजनळीत गोळा करायचा. मॅग्नेशियमचे अणुवस्तुमान २४ धरले तर हा मोलाचा हजारावा भाग होतो आणि हायड्रोजनही तेवढेच मोल निघतो, म्हणजे पुस्तकी हिशोबाने २२.४ मिलिलिटर वायू यायला हवा. मुलांच्या नळ्यांत साडेसत्तावीसच्या जवळपास येत होता. एका मुलाने विचारले, ‘सर, आमचं चुकतं कुठं?’ आणि मी त्याला वहीत २२.४ लिहायला सांगितले. त्या मुलाचे काहीच चुकले नव्हते. त्याच्या नळीने खानदेशचा उन्हाळा अचूक मोजला होता.

पुढे मी तो हिशोब शांतपणे केला. गच्चीवरच्या टाकीतून आलेल्या पाण्याचे तापमान ३५ अंश होते आणि नळीतील वायू त्या पाण्याचेच तापमान घेतो, हवेचे नाही. उन्हाळ्यात या दोहोंत बराच फरक असतो, म्हणून तापमापी पाण्यातच बुडवायला हवी. एवढ्या एका कारणाने २२.४ चे २५.३ मिलिलिटर होतात. आमचा हा पट्टा समुद्रसपाटीपासून साधारण दोनशे मीटर उंचीवर आहे, त्यामुळे हवेचा दाब पाऱ्याच्या ७६० मिलिमीटरऐवजी सुमारे ७४२ मिलिमीटर असतो आणि आकारमान २५.९ पर्यंत जाते. तिसरे कारण सर्वांत दुर्लक्षित आहे. पाण्यावर गोळा केलेल्या वायूत पाण्याची वाफही असते. ३५ अंशाला पाण्याचा बाष्पदाब ४२ मिलिमीटर असतो, म्हणजे नळीतील ७४२ पैकी हायड्रोजनच्या वाट्याला ७०० मिलिमीटरच येतात आणि उरलेली जागा वाफेची असते. हे धरले की उत्तर २७.४ मिलिलिटर येते. मुलांच्या नळ्यांतही तेवढेच होते. पुस्तकातील आकड्यापेक्षा ते बावीस टक्क्यांनी अधिक होते, आणि त्या बावीस टक्क्यांतील प्रत्येक वाटा कोठून आला ते सांगता येत होते. थंड प्रदेशात, पाणी २० अंशाला असताना, बाष्पदाब १७.५ मिलिमीटर असतो आणि तेथे वाफेकडे दुर्लक्ष झाले तर फारसे बिघडत नाही. आमच्याकडे बिघडते. त्या मुलाला हे समजावून सांगायला मी पुढे त्याच्या गावी गेलो होतो. तोवर त्याने शिक्षण सोडून वडिलांबरोबर केळीच्या बागेचे काम हाती घेतले होते.

केळीचा उल्लेख आला आहे तर कार्बाइडचा प्रश्न नुसता परीक्षेचा नाही, हेही सांगितले पाहिजे. सावदा, निंभोरा, रावेर या स्थानकांवरून रेल्वेने उत्तरेकडे गेलेली आमची केळी हिरवीच जाते आणि तेथे पिकवली जाते. स्थानिक बाजारासाठी ती येथेच पिकवतात. कार्बाइडच्या पुड्या ठेवून फळे पिकवण्यास कायद्याने बंदी आहे. २०११ च्या अन्नसुरक्षा विनियमांत ती स्पष्ट लिहिलेली आहे. औद्योगिक कार्बाइडमध्ये आर्सेनिक आणि फॉस्फरस यांचे अंश असतात आणि पाणी लागताच त्यांचे विषारी वायू ॲसिटिलीनबरोबर बाहेर पडतात, हे त्यामागचे मुख्य कारण आहे. पण आकारमानाचा हिशोब केला तर आणखी एक धोका दिसतो आणि तो मी माझ्या विद्यार्थ्यांना नेहमी गणित म्हणून देत असे.

दहा फूट लांब, दहा फूट रुंद, दहा फूट उंच अशी एक बंद खोली घ्या. तिचे आकारमान सुमारे २८,३०० लिटर होते. हवेत ॲसिटिलीनचे प्रमाण २.५ टक्के झाले की ठिणगीने स्फोट होऊ शकतो, म्हणजे या खोलीत सुमारे ७०७ लिटर ॲसिटिलीन पुरेसे आहे. शुद्ध कार्बाइडच्या एका किलोत १५.६ मोल असतात. बाजारातील माल साधारण ऐंशी टक्के शुद्धतेचा धरला तर साडेबारा मोल उरतात, आणि ४० अंशाला त्यांपासून ३२१ लिटर वायू निघतो. भागाकार केला की २.२ किलो हे उत्तर येते. सव्वादोन किलोंहूनही कमी कार्बाइड पूर्ण भिजले आणि खोली बंद असली, तर विजेचे एक बटण दाबणे जिवावर बेतू शकते. खोली घडांनी भरलेली असेल तर हवेची जागा आणखी कमी होते आणि ही मर्यादा त्याहून लवकर गाठली जाते. आता याच हिशोबात २२.४ वापरून पाहा. किलोमागे २८० लिटर येतात आणि उत्तर अडीच किलो निघते. पाठ केलेल्या आकड्याची चूक येथे धोक्याच्या बाजूला झुकते, कारण ती माणसाला खऱ्यापेक्षा अधिक सुरक्षित असल्याचे सांगते.

याच पुडीत दुसरा एक धडा आहे. मुलांना ‘आधी संपणारा पदार्थ किती उत्पादन मिळेल ते ठरवतो’ हे वाक्य पाठ असते, पण त्याचा अर्थ हाताला लागत नाही. कार्बाइडच्या ६४ ग्रॅमला ३६ ग्रॅम पाणी लागते, म्हणजे शुद्ध कार्बाइड असेल तर एका किलोला ५६० ग्रॅमहून थोडे अधिक. बंद खोलीत फळांच्या श्वसनातून आणि हवेतून त्या पुडीला समजा १०० ग्रॅमच ओलावा मिळाला, तर पुडीत किलोभर माल असूनही वायू पाण्याच्याच हिशोबाने निघेल : १०० भागिले ३६, म्हणजे २.८ मोलांहून किंचित कमी, ४० अंशाला सुमारे ७१ लिटर. उरलेले कार्बाइड तसेच पडून राहते. नंतर कोणी फरशी धुवायला बादलीभर पाणी ओतले की पाण्याची कमतरता एका क्षणात नाहीशी होते आणि राहिलेला सगळा वायू एकदम निघतो. शेतकऱ्यांच्या मुलांना हे उदाहरण दिले की वर्गात शांतता पसरे, कारण त्या खोल्या त्यांनी पाहिलेल्या असत.

बंदी नसलेला आणि योग्य मार्ग इथिलीन वायूचा आहे. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने दशलक्ष भागांत १०० भागांपर्यंत इथिलीनला परवानगी दिली आहे. त्याच दहा फुटी खोलीत, रिकामी धरून, ही मर्यादा २.८३ लिटर होते. केळी पिकवण्याचे चेंबर १८ अंशाच्या जवळपास ठेवतात आणि त्या तापमानाला एक मोल वायू २३.९ लिटर असतो, म्हणून हे ०.११८ मोल किंवा अवघे ३.३ ग्रॅम इथिलीन झाले. चेंबरमधील जनित्र इथेनॉलमधून पाणी काढून इथिलीन बनवत असेल तर ४६ ग्रॅम इथेनॉलपासून २८ ग्रॅम इथिलीन मिळते, या हिशोबाने साडेपाच ग्रॅमांहून कमी इथेनॉल पुरते. एवढ्याशा द्रवाने खोलीभर केळी पिकायला लागते, हे ऐकून चेंबर चालवणारे तरुणही चकित होतात. त्यांच्यापैकी काही माझे विद्यार्थी आहेत. मोल, रेणुवस्तुमान आणि तापमान या तीन गोष्टी त्यांना रोजच्या कामात लागतात, आणि हा विषय कोणाच्या उपयोगाचा नाही असे जे म्हटले जाते ते मी त्यांच्याकडे पाहून मान्य करू शकत नाही.

इतिहासात थोडे मागे गेले तर ही चूक होण्याचे कारणही दिसते. गे-ल्युसॅक यांनी १८०८ मध्ये दाखवले की वायू एकमेकांशी साध्या पूर्णांकी आकारमानांत संयोग पावतात, जसे हायड्रोजनची दोन आकारमाने आणि ऑक्सिजनचे एक मिळून वाफेची दोन आकारमाने होतात. ॲव्होगॅड्रो यांनी १८११ मध्ये त्याचा अर्थ लावला : समान तापमानास व समान दाबास वायूंच्या समान आकारमानांत रेणूंची संख्या समान असते. हे वाक्य पुरते मान्य व्हायला जवळपास अर्धशतक गेले. १८६० मध्ये जर्मनीतील कार्ल्सरूह येथे भरलेल्या रसायनशास्त्रज्ञांच्या परिषदेत कॅनिझारो यांनी ते पुन्हा मांडले, तेव्हा ॲव्होगॅड्रो यांना जाऊन चार वर्षे झाली होती. या वाक्याचा सगळा जीव ‘समान तापमानास व समान दाबास’ या शब्दांत आहे आणि पाठांतरात गळतात ते नेमके हेच शब्द. ते जपले तर कित्येक उदाहरणांत २२.४ लागतच नाही. स्वयंपाकाच्या गॅसमधील प्रोपेनच्या एका आकारमानाला जळण्यासाठी ऑक्सिजनची पाच आकारमाने लागतात. हवेत ऑक्सिजन एकवीस टक्के असल्यामुळे हवेची सुमारे चोवीस आकारमाने लागतात. तापमान कोणतेही असो, दोन्ही वायूंसाठी ते एकच असेल तर हे प्रमाण बदलत नाही. ब्यूटेन असेल तर हवेची एकतीस आकारमाने लागतात. खिडकी बंद ठेवून शेगडी पेटवू नये हे घरात सगळेच सांगतात, त्यामागचा आकडा दहावीच्या मुलीलाही काढता येण्यासारखा आहे.

आणखी एक गोंधळ आहे, ज्यात विद्यार्थ्यांचा काहीच दोष नाही. प्रमाण दाबाची व्याख्या १९८२ मध्ये आंतरराष्ट्रीय पातळीवर बदलली आणि १ वातावरणाऐवजी १ बार दाब प्रमाण मानला गेला. बार हा वातावरणापेक्षा किंचित कमी असल्याने शून्य अंशाला एक मोल वायूचे आकारमान २२.७ लिटर होते. काही पुस्तके आजही २२.४ धरतात, काही २२.७. दोन्ही आपापल्या व्याख्येने बरोबर आहेत, पण एकाच मुलाच्या दप्तरात दोन पुस्तके असतात आणि उत्तरसूचीत मात्र एकच आकडा असतो. बहुपर्यायी प्रश्नात हे दोन्ही आकडे पर्याय म्हणून शेजारी शेजारी छापलेले मी पाहिले आहेत. अशा वेळी अभ्यासू मूलच अडते.

शिक्षकांची बाजू मला माहीत आहे, कारण ती माझीही होती. अभ्यासक्रम मोठा, तासिका थोड्या, प्रवेशपरीक्षेत एका प्रश्नाला मिनिटभराचा वेळ. अशा घाईत एक सोपा आकडा हाताशी असावा असे वाटणे स्वाभाविक आहे, आणि प्रश्नात ‘प्रमाण तापमान व दाबास’ असे शब्द असतील तर तो जरूर वापरावा. मग ते शब्द प्रश्नात छापलेले असले पाहिजेत. प्रश्नात २७ अंश लिहून उत्तर शून्य अंशाचे मागणे हा विद्यार्थ्यावर अन्याय आहे, आणि घाई हे त्याचे समर्थन होऊ शकत नाही.

आपल्याकडे माझी विनंती एवढीच आहे की आपल्या विद्यार्थ्यांच्या पानावर वायूंच्या आकारमानाचे उदाहरण येईल तेव्हा त्यासोबत तापमान आणि दाब दोन्ही छापावेत, आणि प्रमाण स्थिती अभिप्रेत असेल तर कोणती व्याख्या धरली आहे तेही एका ओळीत सांगावे. जिल्ह्यातील शिक्षक मित्रांनाही विनंती की मॅग्नेशियमच्या फितीचा प्रयोग डिसेंबरात एकदा आणि एप्रिलमध्ये एकदा करून घ्यावा, पाण्याचे तापमान वहीत लिहायला लावावे, आणि दोन्ही वेळच्या वाचनांतील फरक मुलांनाच काढू द्यावा. त्यासाठी मोजनळी, तापमापी, थोडे विरल आम्ल आणि काही सेंटिमीटर मॅग्नेशियमची फीत एवढेच लागते आणि बहुतेक शाळांच्या कपाटात या वस्तू असतात. ज्या शाळेला हिशोबाची मांडणी हवी असेल तिच्यासाठी ती लिहून द्यायला आणि जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत कोठेही स्वतः येऊन प्रयोग करून दाखवायला मी तयार आहे. नातीच्या उत्तरपत्रिकेवर मी तिच्या हाताने २.४६ या आकड्याभोवती वर्तुळ काढून घेतले आहे आणि खाली तापमान लिहायला लावले आहे.

आपला नम्र,
एक निवृत्त रसायनशास्त्र शिक्षक
ता. यावल, जि. जळगाव